राजीनाम्याचे पैसे

(तरुण कामगार आणि विद्यार्थ्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय 'बचतीचं महत्त्व'. तो ऐकून मागच्या रांगेतली दोन-तीन मुलं चहाकडे बघायला लागलीत, ते मला दिसतंय. त्यांचं चूक नाही. शाळेत आम्हीही 'थेंबे थेंबे तळे साचे' यावर निबंध लिहिलाय. बचत कशासाठी? आजारपणासाठी, म्हातारपणासाठी, मुलीच्या लग्नासाठी. त्या निबंधात एक कारण कुणीच लिहिलं नाही, मीही लिहिलं नाही. नोकरी सोडण्यासाठी. आज मी त्या एकाच कारणाबद्दल बोलणार आहे.

मी इचलकरंजीची. माझे अब्बा यंत्रमागावर कामाला होते. बारा तासांची पाळी, चार माग, आणि जेवढं कापड निघेल तेवढी मजुरी. 1991 साली माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं. अब्बांनी मालकाकडून 12,000 रुपये अ‍ॅडव्हान्स घेतलं. मालक वाईट नव्हता. मागितल्याबरोबर दिले, व्याजही लावलं नाही. फक्त वहीत नाव लिहिलं आणि दर आठवड्याला पगारातून थोडे कापायला सुरुवात केली. मध्ये ईद यायची, कुणी आजारी पडायचं, की वहीत आणखी थोडे चढायचे. ती रक्कम फिटायला सात वर्षं लागली.

त्या सात वर्षांत मालकानं चाराचे सहा माग केले. मजुरीचा दर वाढवला नाही. बाकीचे कामगार महिन्या-दोन महिन्यांत दुसऱ्या कारखान्यात गेले. अब्बा गेले नाहीत. मी तेव्हा आठवी-नववीत असेन. मी विचारलं, "अब्बा, तुम्ही पण सोडून द्या ना." ते म्हणाले, "कसं सोडू बेटा? माझे पाय मालकाच्या वहीत आहेत."

पुढं त्यांना ऐकू येईनासं झालं. मागाच्या आवाजानं बऱ्याच जणांचं होतं. पण दोन माग जास्त आणि सात वर्षं जास्त, याचा त्यात किती वाटा होता, याचा हिशेब मी आजही मनात करत असते.

तुम्ही म्हणाल, एवढं बघितल्यावर ही बाई शहाणी झाली असेल. नाही झाली. दहावीनंतर मी एका गारमेंट युनिटमध्ये ओव्हरलॉक मशीनवर लागले. आठवड्याला 350 रुपये. 1999 मध्ये अम्मीचं ऑपरेशन झालं, तेव्हा मीही मालकाकडून 4,000 रुपये उचलले. दर आठवड्याला 70 रुपये कापायचे ठरलं.

तिथं एक सुपरवायझर होता. मशीनच्या मागं येऊन उभा राहायचा, वाकून बोलायचा, सुतळीचं बंडल देताना हात लावायचा. आमच्यातल्या दोन मुली आठवड्याच्या आत सोडून गेल्या. मी 58 आठवडे तिथं बसले. आकडा पाठ आहे, कारण मी प्रत्येक शनिवारी मोजत होते. चार हजार भागिले सत्तर. त्या 58 आठवड्यांत मी बावळट नव्हते, भित्रीही नव्हते. माझ्याकडं निघून जायला पैसे नव्हते, एवढंच.

हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडं लगेच म्हणतात, 'एवढा त्रास होता तर सोडून का नाही दिलं?' स्वाभिमान सगळ्यांना असतो. पण नोकरी सोडल्यावरचे पहिले तीस दिवस स्वाभिमानावर निघत नाहीत, किराण्यावर निघतात.

ही गोष्ट मलाच सुचली असं नाही. अ‍ॅडम स्मिथनं 1776 च्या आपल्या पुस्तकात मालक आणि कामगारांच्या भांडणाबद्दल लिहिलंय. मालक कामगारांशिवाय वर्ष-दोन वर्षं तग धरू शकतो. कामगारांतले बरेच जण कामाशिवाय आठवडाही काढू शकत नाहीत, थोडे महिनाभर काढतात आणि वर्षभर काढणारा जवळजवळ कुणीच नसतो. म्हणून भांडण सुरू होण्याआधीच कोण जिंकणार ते ठरलेलं असतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1947 मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात हेच आपल्या देशाबद्दल मांडलं. त्यांचं म्हणणं असं, की बेकार माणसासमोर एखादी नोकरी ठेवा आणि सांगा, कामाचे तास ठरलेले नाहीत, युनियनमध्ये जायचं नाही, तोंड उघडायचं नाही. तो काय निवडेल? उपासमारीची भीती, घर जाण्याची भीती, मुलांना शाळेतून काढावं लागण्याची भीती. या भीतीपुढं कागदावरचे मूलभूत हक्क टिकत नाहीत.

म्हणजे संविधानानं दिलेला हक्क वापरायलासुद्धा घरात पंधरा दिवसांचं पीठ लागतं. माझ्या बोलण्याचा गाभा एवढाच आहे.

आता दुसरी गोष्ट सांगते. पहिलं युनिट सोडल्यावर मी पोस्टात बचत खातं उघडलं. दर महिन्याला जमेल तेवढे टाकायचे, कधी शंभर, कधी दोनशे. 2003 मध्ये मी दुसऱ्या एका कारखान्यात होते. पगाराच्या दिवशी रजिस्टरवर सही करायची. रजिस्टरवर आकडा 2,600 चा आणि हातात 1,800. सगळ्या बायका सही करायच्या, मीही दोन वर्षं करत होते. त्या महिन्यात मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, "जेवढे देताय तेवढे लिहा, मी सही करते."

मालक म्हणाले, "जमत नसेल तर उद्यापासून येऊ नको."

मी म्हटलं, "बरं. आजपर्यंतचा हिशेब करा."

माझा आवाज कापत होता, खोटं कशाला सांगू. पण पिशवीत पोस्टाचं पासबुक होतं आणि त्यात 5,400 रुपये होते. घरात मी महिन्याला 1,500 देत होते, म्हणजे दिवसाला 50. माझ्याकडं 108 दिवस होते. एकोणिसाव्या दिवशी मला दुसरीकडं काम लागलं. माझे 950 रुपये खर्च झाले. आयुष्यात एवढी स्वस्त वस्तू मी दुसरी घेतली नाही.

तेव्हापासून मला सवय लागली. मी बचत रुपयांत मोजत नाही, दिवसांत मोजते. तुम्हीही मोजून बघा. तुमच्या घराचा महिन्याचा खर्च 15,000 असेल, तर एक दिवस 500 रुपयांना पडतो. रोज 50 रुपये बाजूला पडले, तर दहा दिवसांनी एक दिवस तुमच्या मालकीचा होतो. वर्षाचे 18,250 होतात, म्हणजे 36 दिवस. रुपयांत बघितलं तर ही रक्कम किरकोळ वाटते, त्यात चांगला मोबाइलही येत नाही. दिवसांत बघितलं तर तो महिन्याहून जास्त काळ आहे. त्या काळात कुणी तुम्हाला 'उद्यापासून येऊ नको' म्हणालं, तर तुम्ही शांतपणे डबा उचलू शकता.

पहिला टप्पा सात दिवसांचा ठेवा. सात दिवस असले की पगार कापला जाईल या भीतीशिवाय एक दिवस रजा टाकून दुसरीकडं मुलाखत देता येते. तीस दिवस असले की पहिली मिळेल ती नोकरी घ्यावी लागत नाही. नव्वद दिवस असले की गाव बदलता येतं, एखादा कोर्स करता येतो, थकलेल्या पगारासाठी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात खेटे घालता येतात. आणखी एक गंमत आहे. हे दिवस बहुतेक वेळा वापरावे लागतच नाहीत. ज्याला जाता येतं, त्याच्याशी वरिष्ठ जरा जपून बोलतात. आणि आपणही खालमानेनं बोलत नाही.

आता माझी चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय मला इथं बोलायचा अधिकार नाही.

लग्नानंतर माझे मिस्टर एका ट्रान्सपोर्टमध्ये ड्रायव्हर होते. आम्ही दोघांनी मिळून 22,000 रुपये साठवले होते. 2009 मध्ये धाकट्या दिराचं लग्न निघालं. वलीमा मोठा करायचा ठरलं. घरात कुणी जबरदस्ती केली नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आपल्याकडं लोक काय म्हणतील?" मी स्वतः कपाटातून पैसे काढून दिले. चारशे माणसं जेवली. बिर्याणी चांगली झाली होती.

चार महिन्यांनी ट्रान्सपोर्टवाल्यानं सलग दोन-दोन रात्री गाडी चालवायला लावायला सुरुवात केली. मिस्टर म्हणाले, "ही नोकरी सोडतो, झोप येते गाडीवर." मी म्हटलं, "दोन महिने थांबा, थोडे पैसे जमू देत." हे मी म्हटलं. तिसऱ्या आठवड्यात पहाटे त्यांचा डोळा लागला आणि गाडी उसाच्या फडात गेली. अल्लाहची मेहरबानी, जीव वाचला, दुसरं कुणी मध्ये आलं नाही. पण उजवा हात खांद्यातून पूर्वीसारखा वर होत नाही. गाडीचं नुकसान पगारातून कापलं, ते वेगळंच.

वलीमा करू नये असं मी म्हणत नाही. वलीमा सुन्नत आहे, पण ऐपतीप्रमाणं करा असंच सांगितलंय. चारशे ताटं मांडा असं कुठं सांगितलंय? त्या दिवशी आम्ही जेवणावळीत आमचे दीड महिन्याचे दिवस वाढले, आणि गरज पडली तेव्हा आमच्याकडं एकही शिल्लक नव्हता.

आपल्या मुलांना हे दिवस इतरांपेक्षा थोडे जास्त लागतात, हेही मोकळेपणानं बोलू या. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात स्पष्ट आलं होतं, की नियमित पगाराच्या नोकऱ्यांत मुसलमानांचं प्रमाण कमी आहे आणि स्वतःचा छोटा धंदा, घरबसल्या काम यांत जास्त आहे. अशा कामात नोटीस नसते, ग्रॅच्युइटी नसते. नवं गाव म्हटलं की नाव ऐकून खोली नाकारणारे भेटतात, हे तुमच्यातल्या काहींनी अनुभवलंय. त्यामुळं आपल्याला दुसरं काम शोधायला इतरांपेक्षा वेळ लागू शकतो. हा अन्याय आहे आणि त्याच्याशी लढायचंच आहे. पण लढेपर्यंत गाठीशी दिवस हवेत.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी.

पहिली, पैसे कुठं ठेवायचे? आपल्याकडं बरेच जण व्याजाच्या प्रश्नामुळं बँकेत खातंच उघडत नाहीत. मग पैसे डब्यात राहतात आणि डब्यातले पैसे पाहुण्यांना दिसतात. व्याज घ्यायचं की नाही, हे ज्यानं त्यानं आपल्या श्रद्धेप्रमाणं ठरवावं. खात्यात आलेलं व्याज वेगळं काढून गरजूला देणारे लोक मी बघितलेत. काही गावांत बिनव्याजी पतसंस्था आहेत, त्यांचा कारभार नीट बघून तिथं ठेवणारेही आहेत. पण व्याज नको म्हणून बचतच नको, हे गणित चुकीचं आहे. एवढंच बघा की पैसे दोन दिवसांत हातात आले पाहिजेत. पोस्टाचं आवर्ती खातं पाच वर्षांचं, पीपीएफ पंधरा वर्षांचं. त्या गोष्टी चांगल्या आहेत, पण दुसऱ्या कामासाठी. राजीनाम्याचे पैसे साध्या बचत खात्यात, वेगळ्या आणि स्वतःच्या नावावर ठेवा. मुलींनो, 'स्वतःच्या नावावर' हे मी तुमच्याकडं बघून म्हणतेय.

दुसरी, पीएफ. ज्यांचा कापला जातो, त्यांच्या पगारातले 12 टक्के जातात आणि मालकालाही तेवढेच भरावे लागतात. नोकरी बदलली तरी यूएएन नंबर तोच राहतो, म्हणून पीएफ बुडेल या भीतीनं कुणी अडकून राहू नका. पण पासबुक दर दोन-तीन महिन्यांनी बघा. पगारातून कापले आणि भरलेच नाहीत, असे मालक असतात. आणि हे पैसे तुमच्या दिवसांत धरू नका, ते लगेच हातात येतील याचा भरवसा नसतो.

तिसरी, कागदपत्रं. मूळ मार्कशीट आणि सर्टिफिकेट कुणाकडं जमा करू नका. दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ परत घ्या. कोकणातून आखातात जाणाऱ्या मुलांना पासपोर्टाचा अनुभव विचारा. तिकडं पासपोर्ट मालकाच्या कपाटात आणि इकडं व्हिसासाठी काढलेलं कर्ज, अशा दोन कुलपांत माणूस बंद होतो.

चौथी, हप्ते. माझ्या अब्बांचे पाय मालकाच्या वहीत होते. तुमचे मोबाइलच्या हप्त्यात आहेत, गाडीच्या हप्त्यात आहेत, दोन मिनिटांत कर्ज देणाऱ्या अ‍ॅपमध्ये आहेत. पार्सल पोचवणारा एक मुलगा मला म्हणाला, "दीदी, काम सोडलं तर गाडीचा हप्ता कोण भरणार?" गाडी कामासाठी घेतली होती, आता काम गाडीसाठी चाललंय. कर्ज घेऊच नका असं मी म्हणत नाही. सही करण्याआधी एवढंच विचारा, हा हप्ता माझे किती दिवस खाणार?

आता एक धोक्याची सूचना. मी जे बोलले त्याचा अर्थ 'गरीब माणूस बचत करत नाही म्हणून गरीब आहे' असा कुणी काढला, तर मी इथून उठून जाईन. हातात 1,800 ठेवून 2,600 वर सही घेतली जाते, तिथं बचत कमी पडण्याला कामगार जबाबदार नाही. बीडकडून ऊसतोडीला जाणारं जोडपं हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतं, कारण पावसाळ्यात घरात काही नसतं. हंगाम संपला तरी उचल फिटत नाही आणि पुढच्या वर्षीही त्याच मुकादमाबरोबर जावं लागतं. कर्जापोटी माणसाचं काम बदलण्याचं स्वातंत्र्य काढून घेणं ही वेठबिगारी आहे आणि 1976 पासून कायद्यानं ती बंद आहे. पण कायदा वापरायला पोलीस ठाण्यापर्यंत जावं लागतं, आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. परत तोच प्रश्न.

म्हणून एकट्याची बचत पुरत नाही. मुंबईचा गिरणी संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार, दीड वर्षाहून जास्त काळ. ज्यांच्या मागं गावची थोडी शेती होती ते गावी गेले आणि तग धरू शकले. ज्यांच्यामागं काहीच नव्हतं, त्यांची घरं मोडली. एकजूट होती, पण एवढा काळ पुरेल अशी शिदोरी नव्हती. दुसरं उदाहरण अहमदाबादचं. इला भट्टांच्या 'सेवा' संघटनेतल्या 4,000 कष्टकरी बायकांनी 1974 मध्ये प्रत्येकी दहा रुपये घालून स्वतःची बँक काढली. भाजी विकणाऱ्या, हातगाडी ओढणाऱ्या, घरी शिवणकाम करणाऱ्या बायका, त्यांत मुसलमान बायकाही आहेत. सावकाराच्या आणि व्यापाऱ्याच्या वहीतून नाव काढायचं, तर स्वतःची वही हवी, हे त्यांना कळलं होतं.

आम्हीही छोटंसं काही करून बघितलं. मी 2003 मध्ये सही केली नाही, तेव्हा बाकीच्या अकरा जणींनी केली होती. मला त्यांचा राग आला नाही, माझे 58 आठवडे मला आठवत होते. गाडीच्या अपघातानंतर त्यांच्यातल्याच काही जणी भेटायला आल्या. बोलता बोलता आम्ही बारा जणींनी भिशी सुरू केली. महिन्याला शंभर रुपये. नेहमीच्या भिशीत चिठ्ठी निघते. आम्ही चिठ्ठी ठेवली नाही. पैसे खात्यात राहतील आणि जिला काम सोडावं लागेल तिला मिळतील, असा नियम केला. नवं काम लागलं की तिनं हळूहळू परत भरायचे. लग्नाला नाही, फ्रिजला नाही. बायका गमतीनं तिला 'खुदा हाफिज भिशी' म्हणायच्या.

पाच वर्षांत ती चौघींनी वापरली. एकीला तर महिना पुरता लागलाच नाही. एकीनं पैसे परत केले नाहीत, त्यावरून भांडण झालं, दोघी बाहेर पडल्या. सगळं गोड झालं असं नाही. पण वापरणाऱ्या चौघींतल्या एकीच्या मशीनच्या मागंही एक सुपरवायझर उभा राहायचा. ती नवव्या दिवशी बाहेर पडली. नऊ दिवस. माझे 58 आठवडे झाले होते. आज अशा वेळी 2013 चा कायदाही हाताशी आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी तक्रार समिती असायलाच हवी, नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार जरूर करा. पण तक्रार करणारीच्या पिशवीत पासबुक असलं, की तक्रारीचा आवाज वेगळा येतो.

चहा तयार आहे, त्यामुळं संपवते. एक काम देते. आज रात्री घरी गेल्यावर घराचा महिन्याचा खर्च कागदावर लिहा. त्याला तीसनं भागा. मग तुमच्याकडं असलेल्या पैशांना त्या आकड्यानं भागा. जे उत्तर येईल तेवढे दिवस तुमच्याकडं आहेत. उत्तर शून्य आलं तर लाजू नका, या खोलीतल्या अर्ध्या लोकांचं तेच येईल. पुढच्या महिन्यात ते एक करा.

माझे अब्बा आता नाहीत. त्यांचं उत्तर सात वर्षं शून्य होतं. त्यांना कुणी हा हिशेब शिकवला नव्हता, आणि शिकवला असता तरी त्या पगारात तो बसला नसता. तुमच्यातल्या ज्यांच्या पगारात तो थोडा तरी बसतो, त्यांनी आजच सुरू करा. ज्यांच्यात बसत नाही, त्यांनी पगार वाढवून घ्यायला एकत्र या, आम्ही सोबत आहोत.

खुदा हाफिज. आज मी हे शब्द फक्त निरोपासाठी म्हणतेय.